रविवारचं पान

मंडळी, ऐका! आज पहिल्यांदा एक प्रश्न टाकतो, मग आख्यान. उपाशी कुणाला म्हणायचं? ज्याच्या ताटात काही नाही त्याला? सगळे माना डोलावताहेत. बरोबर, सोपं आहे! आणि ज्याच्या घरात ताट वाढलेलं आहे, वाफ निघते आहे, पण समोर बसायला माणूस नाही — त्याला काय म्हणाल? हं! आता डोलवा मान!

घाई नाही. उत्तर गोष्टीतून येईल. महाप्रसादाला अजून तासभर आहे, मला ठाऊक आहे तुमचं निम्मं लक्ष कुठे आहे ते. मागच्या रांगेतले, भिंतीला टेकलेले — हो, तुम्हीच! — नाक आवरा, कान द्या.

तर एक होता पंकज ठोंबरे. मूळचा दारव्ह्याचा, शिकला नागपूरला, नोकरी पुण्याला. बायको मृणाल. दोघं कमावती, दोघं चांगली. वाईट माणसाची गोष्ट मी सांगतच नाही हो, वाईट माणसाची गोष्ट ऐकून तुम्ही खूश होऊन घरी जाता! चांगल्या माणसाचीच सांगतो.

पंधरा ऑगस्ट आला शुक्रवारी. शुक्रवार, शनिवार, रविवार — तीन दिवस सुट्टी! पूर्वी सुट्टी लागली की माणूस विचारायचा, कुणाकडे जायचं? आता विचारतो, काय खायचं! पंकज म्हणाला, "मृणाल, नागपूरला जाऊ. देवळं नाहीत, तलाव नाहीत, काही बघायचं नाही. फक्त खायचं!"

आणि कॉम्प्युटरवर तक्ता केला! शुक्रवार सकाळ, तर्री पोहे. दुपार, सावजी. चारला पाटवडी रस्सा. सहाला अमुक चौकातली कचोरी. कुठे रांग किती, कुठला पदार्थ किती वाजता संपतो, सगळं लिहिलेलं! तीन दिवस, अकरा ठिकाणं, आणि पोटं दोन! बरोबर पचनाच्या गोळ्यांची बाटली. लग्नाची तिथी काढताना एवढा विचार केला नसेल!

मृणालनं तक्ता पाहिला आणि एकच विचारलं, "अहो, बेबीमावशींकडे कधी जायचं?"

आता ही बेबीमावशी कोण? पंकजच्या आईची थोरली बहीण. वय चौऱ्याहत्तर, नाव बेबी! हसू नका, आपल्याकडे एकदा बेबी म्हटलं की ती सरणापर्यंत बेबीच. नागपुरातच, खामल्यात राहते. नवरा पोस्टात होता, तो गेला. मूल नाही. आणि पंकज इंजिनिअरिंगला नागपुरात होता ना, त्या होस्टेलची मेस रविवारी संध्याकाळी बंद! इथे कुणी होस्टेलला राहिलंय? हात वर करा. बघा! यांना कळेल रविवारची संध्याकाळ काय असते ते. दुपारी गोड जेवण आणि संध्याकाळी स्वयंपाकघराला कुलूप. तर चार वर्षं, दर रविवारी संध्याकाळी, पंकजचं पान मावशीकडे. गोळाभात! बेसनाचे गोळे भातात शिजवलेले, वरून कडकडीत फोडणीचं तेल. पोरगं मागायचं, मावशी वाढायची. तो जेवून उठला की मग ती बसायची. कधी गोळे उरायचे, कधी नुसता भात.

त्या मावशीकडे कधी जायचं, असं बायकोनं विचारलं. आणि पंकज काय म्हणाला? मंडळी, नीट ऐका, कारण हे वाक्य तुम्ही सगळ्यांनी म्हटलेलं आहे. म्हणाला, "अगं, तिच्याकडे गेलो की ती जेवल्याशिवाय सोडणार नाही. आपलं एक जेवण जाईल!"

एक जेवण जाईल!

आपली रीतच तशी ना! आपल्या माणसाच्या घरी गेलं आणि पाणी पिऊन उठलं, असं चालतं का? तास दीड तास बसा, पाटावर बसा, अजून थोडा घ्या, नाही म्हणाल तर रुसवा. म्हणजे तक्त्यातला एक चौकोन गेला! म्हणून नागपूरला येतोय हे कळवायचंच नाही. दोन महिने आधी ठरलं.

आणि कलियुगाची कमाल बघा! निघायच्या आधी चार दिवस मावशीचाच फोन. "पंकज, या रविवारी येजो रे बाबा. संध्याकाळी. गोळाभात करते. पुढं मग काही जमनार नाही मले." पंकजच्या हातात तिकिटं! नागपूरचीच! आणि तो म्हणतो, "मावशी, ऑफिसचं काम आहे गं. पुण्याबाहेर पडताच येत नाही. दिवाळीत येतो." ती म्हणाली, "बरं बाप्पा. काम महत्त्वाचं." फोन ठेवला.

'पुढं जमनार नाही' म्हणाली. का जमणार नाही, हे विचारायला काय लागतं? अर्धा श्वास! पण विचारलं की लांबतं. म्हातारी माणसं असं बोलतातच, असं म्हणून आपण मोकळे!

शुक्रवारी सकाळी दोघं नागपुरात. पहिला चौकोन, तर्री पोहे. पंकज हुशार, त्यानं फोनवर मावशीला आपले फोटो दिसणार नाहीत अशी सोय केली. पण मृणालच्या हे डोक्यातच आलं नाही! तिनं लावला फोटो स्टेटसला. मावशीनं पाहिला. ती टपरी, तो लिंब, तिनं ओळखला. मग रागावली का? अहो, रागावली असती तर बरं झालं असतं! ती हसली. शेजारच्या बोरकुटेबाईंना म्हणाली, "पाह्य ना, पोट्टं गंमत करते! काम आहे म्हणे! अचानक दारात येऊन उभा राहीन, असं आहे त्याच्या मनात."

शनिवारी तिनं बेसन दळून आणलं. रविवारी सकाळपासून स्वयंपाक.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, हे तुम्हाला कसं ठाऊक? सांगतो. त्या आठवड्यात खामल्याच्या देवळात श्रावणाचं कीर्तन होतं. बुवा मीच! रोज एका घरी माझं पान. रविवारी कीर्तन संपलं, मी उपरणं झटकतोय, तोवर ही बाई पुढं. "बुवा, आज माझ्याकडे चला. आज ज्यांची पाळी होती त्यांना सांगून आले मी. माझं पोट्टं येणार आहे, सून येणार आहे, तुम्हीही बसा."

गेलो. तीन पाट, तीन पानं, रांगोळी. साडेसात झाले, पावणेआठ, आठ. मला भूक लागलेली! मी सारखा खोकतोय. ती दाराशी जाते, येते. शेवटी फोन माझ्या हातात दिला. "बुवा, चष्मा सापडत नाही. सुनेनं काही टाकलं का पाहा बरं. निघाले असतील."

मी पाहिलं. फोटो होता, गोळाभाताचा! खाली लिहिलेलं मी मोठ्यानं वाचलं, कीर्तनकाराचा आवाज ना माझा! "दीड तास रांगेत उभे राहून मिळाला! पण पंकज म्हणतो, बेबीमावशींच्या हातची सर नाही!" आणि मी मूर्ख, वर म्हणतो, "वा मावशी! पोरगा केवढं कौतुक करतो तुमचं!"

मग मी जागेचं नाव वाचलं. प्रतापनगर. दोन चौक पलीकडे.

मंडळी, आयुष्यात हजार आख्यानं लावली, एवढी वाईट ओळ मी कधी वाचली नाही. आणि ती मी ठसक्यात वाचली होती!

मावशीनं फोन घेतला, फडताळावर ठेवला. म्हणाली, "बसा बुवा. गोळा थंडा झाला की दगड होते." मला वाढलं. आणि मग, जिनं जन्मभर सगळ्यांना वाढून मग खाल्लं, ती बाई पंकजच्या पाटावर बसली. स्वतःचं स्वतः वाढून घेतलं. तीन गोळे घेतले. एकेक घास कढीत कालवायची, डोळे मिटायची, मोठ्या कष्टानं गिळायची. मी दोनदा भात मागून घेतला! वर थट्टा केली, "मावशी, इतकं सावकाश? सूर्य उगवेल!" ती म्हणाली, "जेवू द्या हो बुवा. आज चव पाहून ठेवते."

मी विचारलं का, का पाहून ठेवता? नाही! मीही नाही विचारलं! ढेकर दिली आणि उठलो.

मंगळवारी तिचं जिभेचं ऑपरेशन झालं. गाठ होती, दोन महिन्यांपासून ठाऊक होती, कुणाला सांगितली नव्हती. जीभ गेली, बोलणं गेलं. नाकातून नळी. आता तोंडानं घास नाही, जन्माचा नाही. शेवटचं तोंडानं जेवायचं ते पोराच्या पंगतीला, एवढीच हौस होती बाईची. ती एका परक्या, हावरट बुवाच्या पंगतीला बसली!

बोरकुटेबाईंनी पंकजला कळवलं. ऑपरेशनच्या नवव्या दिवशी तो दवाखान्यात आला. मी तिथेच होतो, बाहेर बाकावर. त्यानं मला सगळं सांगितलं, तक्ता, तिकिटं, एक जेवण जाईल, सगळं. रडत होता. आणि हातात काय होतं? संत्रा बर्फीचा डबा! नामांकित दुकानाची! सवय हो, नागपूर म्हटलं की हात तिकडेच जातो. आम्ही आत गेलो. नळी पाहिली आणि डबा कुठे लपवावा कळेना त्याला.

मावशीजवळ पाटी होती, लहान पोरांची असते तशी. तिनं त्याला पाहिलं. डब्याकडे पाहिलं. पेन्सिल घेतली. मला वाटलं, आता लिहील, खोटं का बोललास? लिहायलाच हवं होतं! मी असतो तर लिहिलं असतं!

तिनं लिहिलं — "जेवून आला का?"

पंकज पाटी धरून बसला. पुसेना.

झालं आख्यान. आता तुमच्याकडे वळतो! उपाशी कोण, ते सांगू नका मला, मनात ठेवा. दिवाळी येते आहे, सुट्ट्या पाहून ठेवल्यात ना? हॉटेलांची नावं काढलीत ना? त्या गावात तुमचं कोण राहतं? त्याला काय सांगितलंय? काम आहे म्हणून? खिशात फोन आहेत. आत्ता लावा! इथे बसून लावा, मी थांबतो. अरे पखवाजवाले, हात खाली ठेवा. पेटी बंद! लावू द्या त्यांना.

थांबलोय मी.

कुणी नाही?

एकही नाही?

वाटलंच होतं. आत भाजीला फोडणी पडली, नाकं तिकडे वळली! लावा रे पखवाज. म्हणा विठ्ठल, मंडळी. तोंडात घास जायच्या आधी, जीभ आहे तोवर म्हणा.