आमचा देश फिकट गुलाबी

(थोरलीचं शिवणकामाचं दुकान. धाकटी आरोग्याच्या आकडेवारीच्या कचेरीतून थेट आलेली.)

थोरली : ...म्हणून मी सोनोग्राफी रद्द केली. फोनवर सांगितलं, आमचा देश फिकट गुलाबी आहे.

धाकटी : काय?

थोरली : तुझाच नकाशा! रद्दी म्हणून देतेस ना, काल त्यावर कॉलर बेतताना वाचला. अंडाशयाचा कर्करोग, देशवार. लाल ते वाईट, गुलाबी ते बरे.

धाकटी : अगं ताई, तो देशाचा आकडा. तुझ्या पोटाचा नाही.

थोरली : मग मी काय परदेशी आहे?

धाकटी : चार महिने पोट फुगलंय. दोन घासांत भरतं. कमरेची शिवण किती वेळा सैल केलीस?

थोरली : तीनदा. आत कापड होतं म्हणून.

धाकटी : त्यात तुला मूल नाही. अशा बायकांना धोका जरा जास्त.

थोरली : तेही वाचलं. पण वरच्या मजल्यावरचीला सहा, मला शून्य. सरासरी तीन! तिची हरकत नाही. ही बघ, मापाच्या वहीत सही दिलीये.

धाकटी : धन्य आहात दोघी!

थोरली : शिवाय उंच बायकांच्या देशांत जास्त. मला तर फळीवरचं रीळ काढायला स्टूल लागतं.

धाकटी : आईलाही लागायचं.

थोरली : आईचं नाव काढू नकोस.

धाकटी : काढणार. तिला हेच झालं होतं. आणि काही देश फिकट का दिसतात, माहितीये? तिथे बायकांना कुणी तपासतच नाही.

थोरली : मग मीही तेच करतेय की! देशाला तेवढाच हातभार.

धाकटी : मी पुन्हा फोन केलाय. चारची वेळ मिळाली.

थोरली : काय सांगितलंस त्यांना?

धाकटी : म्हटलं, देश ठणठणीत आहे. बाईला बघा.

थोरली : आगाऊ कुठली! ...आणि काही निघालं तर?

धाकटी : मलाही भीती वाटतेय, ताई. तुझ्याइतकीच. दिवसभर लाखो बायकांचे आकडे मांडते, आणि डोक्यात तू एकटी असतेस.

थोरली : आत येऊ देतील तुला?

धाकटी : न देऊन सांगतात कुणाला!

थोरली : मग कुलूप तूच लाव. मी रिक्षा थांबवते.