दादाची तपासणी

तपासणी केंद्रात माझ्या शेजारी एक गृहस्थ आणि त्यांची धाकटी बहीण नंबराची वाट पाहत बसले होते.

"तुझ्या त्या उंदरांपायी आज मी इथे बसलोय."

"उंदरांना बोल लावू नकोस, दादा. मूल होत नाही म्हणून इतकी वर्षं वहिनीच्याच तपासण्या चालल्यात. तू एकदा तरी आलास?"

"मला काय धाड भरलीय, असं वाटायचं. नक्की काय दिसलं गं तुला प्रयोगशाळेत?"

"आपण सर्रास घेतो त्यातलंच एक अँटिबायोटिक आम्ही उंदरांना महिनाभर दिलं. मग अंडकोषाचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली पाहिला. शुक्राणू जिथे तयार होतात, तिथे जागोजागी रिकामं दिसलं."

"आणि मी सायनससाठी तीच गोळी मनानेच घेत राहिलो."

"म्हणून तर तुझ्या मागे लागले. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. शिवाय औषध थांबवल्यावर काही उंदीर सावरलेही."

"सगळे नाहीत?"

"नाहीत. तुला खोटं कशाला सांगू? वहिनीला सांगून आलास ना?"

"नाही. रिपोर्ट चांगला आला, तर तिला कळायलाच नको."

"आणि वाईट आला तर?"

त्या गृहस्थांनी खिशातून फोन काढून बायकोला लावला.

"अगं, मी तपासणीला आलोय. नाही, तुझा रिपोर्ट न्यायला नाही. माझ्या स्वतःच्या तपासणीला. हॅलो? अगं, रडतेस कशाला?"

"दादा, दे इकडे फोन. मी समजावते तिला."

"नको. रडू दे तिला. मी ऐकतोय."