पुसलेला उंचवटा

दातांच्या दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसलेल्या शिंप्याच्या शेजारी दोघी बहिणी होत्या. थोरलीचा गाल सुजला होता आणि प्रयोगशाळेत काम करणारी धाकटी धुमसत होती.

"ताई, प्रकाश टाकून आम्ही स्फटिकातले इलेक्ट्रॉन बाहेर काढतो. आत ते एकमेकांना रेटत असले की आलेखावर उंचवटा येतो. तो मला दिसला."

"मग?"

"सर म्हणाले, स्फटिक मळका असेल. मी अकरा वेळा तो तोडून आतला कोराकरकरीत भाग तपासला. अकराही वेळा उंचवटा तिथेच."

"आणि तरी?"

"तरी माझ्याकडूनच आलेखाची रेघ गुळगुळीत करून घेतली. काल दुसऱ्या प्रयोगशाळेनं तोच उंचवटा नवा शोध म्हणून छापला."

"आता सर काय म्हणतायत?"

"भर बैठकीत म्हणाले, आपल्याला तो आधीच दिसला होता."

"आपल्याला?"

"हो ना. दिसला आपल्याला, पुसला मात्र मी."