वहिनीच्या पायांचा नवस

ऑपरेशनच्या खोलीबाहेर दीर-भावजय बसले होते. शेजारच्या बाकावर पाय प्लास्टरमध्ये घातलेला शिंपी, आपला नंबर विसरून, कान टवकारून बसला.

"वहिनी, रडू नका. दादासाठी मी नवस बोललोय."

"काय बोललात?"

"तो बरा होऊन घरी आला, की तुम्ही वर्षभर अनवाणी चालाल."

"मी? आणि तुम्ही हो, भाऊजी?"

"माझ्या टाचांना भेगा आहेत ना! शिवाय गोडही सोडायचंय तुम्हाला."

"म्हणजे भाऊ तुमचा, देव तुमचा, आणि उपास माझे!"

"चेष्टा नको. संकटात सगळा भार त्याच्यावर टाकायचा असतो."

"त्याच्यावर कुठे? माझ्यावर टाकलात की!"

तेवढ्यात नर्स बाहेर आली. "पेशंटला रक्त कमी पडतंय. लगेच हवंय. त्यांच्या गटाचं कोणी आहे?"

"माझा गट वेगळा आहे हो," वहिनी धडपडत उठली. "पण भाऊजींचा तोच आहे."

दिराने डोळे गच्च मिटले, हात जोडले. "देवा, आता तूच काहीतरी मार्ग दाखव रे!"

"दाखवला त्याने," वहिनी म्हणाली. "बाही वर करा, भाऊजी."