कडक पेरू

(विमानतळाच्या आत, फळांच्या छोट्याशा दुकानापाशी. नवरा, बायको आणि दुकानवाली.)

नवरा : हा नको, मऊ आहे. हाही नको.

दुकानवाली : काका, सगळे इथल्याच बागेतले आहेत, आज सकाळी तोडलेले. पण इतके दाबलेत तर कडक पेरूसुद्धा मऊ पडेल.

नवरा : मला एकदम कडकच हवेत. दाताखाली करकर वाजले पाहिजेत.

बायको : कुणाच्या दाताखाली?

नवरा : माझ्या. विमानात भूक लागते मला.

बायको : अहो, काल साध्या बिस्किटानं कवळी हलली तुमची!

नवरा : चारचौघांत कवळी काढू नकोस.

बायको : मी कशाला काढू? पेरू चावलात की आपोआप निघेल.

दुकानवाली : मी काही ऐकलं नाही हं, काका. किती देऊ?

नवरा : दोन किलो.

दुकानवाली : एकट्याला?

नवरा : प्रवास लांबचा आहे.

बायको : पाऊण तासाचा! लेकीला कच्चे पेरू आवडतात म्हणून घेतोय, असं सरळ म्हणा ना.

नवरा : तिचा काय संबंध? मी तिच्याकडे येतच नाहीये. तुला बॅगा झेपत नाहीत म्हणून पोचवायला येतोय.

बायको : बॅगा मीच ढकलत आणल्या मघाशी.

नवरा : माझं लक्ष होतं ना पण त्यांच्यावर!

बायको : दोन वर्षं झाली तिच्या लग्नाला. तिचा फोन आला की 'मी घरात नाही म्हणून सांग,' हे इतक्या मोठ्यानं ओरडायचात, की तिला तिकडे लख्ख ऐकू जायचं.

नवरा : लग्न ठरवण्याआधी बापाला विचारायचं होतं मग.

बायको : विचारलं होतं. तुम्ही पाण्याची टाकी बघायला म्हणून उठलात.

नवरा : टाकी भरून वाहत होती!

बायको : आणि जेवायच्या वेळेपर्यंत गच्चीवरच? पोर जिन्यात बसून होती तुमची वाट बघत.

नवरा : ...जिन्यात बसली होती?

बायको : तुम्ही खाली आलात, तोवर डोळे पुसून आत गेली.

दुकानवाली : काका, हे बघा, झाडावरचे शेवटचे. दगडासारखे कडक आहेत. टाकू?

नवरा : टाका. सगळे टाका. अगं, पिशवीत जागा कर. माझा स्वेटर काढ.

बायको : तिकडे गारठा आहे.

नवरा : अंगात घालतो.

बायको : एक घातलाय आधीच.

नवरा : त्याच्यावर घालतो! पेरूंवर बॅग ठेवू नकोस. इकडे दे, मांडीवर घेऊन बसतो मी.

बायको : चला आता, आपल्या विमानाची रांग लागली.

नवरा : ऐक ना. तो... तो खातो का पेरू?

बायको : कोण तो?

नवरा : तुझा जावई.

बायको : मला काय माहीत? उतरल्यावर तुम्हीच विचारा. घ्यायला तोच येतोय.

नवरा : तो येतोय? आणि हे तू आत्ता सांगतेस?

बायको : आधी सांगितलं असतं तर टाकी बघायला गेला असतात.

नवरा : ही पेरूंची पिशवी धर जरा.

बायको : काय झालं? थांबलात का?

नवरा : काही नाही. जरा कॉलर नीट कर माझी.