फ्यूजच्या जागी तार

झुंबर भिका पगारे, वय ४४ वर्षे, धंदा वॉचमन, रा. फुलेनगर, पंचवटी, नाशिक.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी पत्नी ललितासह वरील पत्त्यावर राहतो. तिचे माहेर सटाणा. आमच्या जुन्या व्हॅनमधून ती हॉटेलांना भाजी पोहोचवते.

काही महिन्यांपासून हेडलाइट लावला की पेट्रोलचा व टेंपरेचरचा काटा खाली पडे आणि फ्यूजही वरचेवर उडे. ललिता गाडी पेठ रोडवरील ऑटो इलेक्ट्रिशियन धनराज देवरे याच्याकडे नेई. तोही सटाण्याचा. दोघे अहिराणीत बोलतात. ती म्हणे, "काटा परत पडना," म्हणजे पडला. तो म्हणे, "आन गाडी, मी दखस," म्हणजे बघतो. मला अहिराणी समजते, बोलता येत नाही. एकदा मी सोबत गेलो. त्याने दोन चहा सांगितले, मग माझ्याकडे पाहून तिसरा. डॅशबोर्ड खोलून त्याने अर्थिंगची वायर घासून बसवली. काटे नीट चालू लागले. घरी येईपर्यंत ललिता हसतमुख होती. कारण मला माहीत नाही.

फ्यूज मात्र उडतच राहिला. धनराजचे म्हणणे, वायर कुठेतरी सोलली आहे, शोधायला गाडी दिवसभर ठेवावी लागेल. ललिता म्हणाली, "मी थांबेन तिथं." मी म्हणालो, "गरज नाही. मी करतो." रविवारी मी फ्यूजच्या जागी तांब्याची तार बसवली. आता त्याच्याकडे जायचे नाही, असे तिला सांगितले.

मंगळवारी दुपारी चांदवडच्या घाटात डॅशबोर्डमधून धूर येऊन आग लागली. ललिताने धनराजला फोन केला. त्याने सांगितल्याप्रमाणे तिने बॅटरीची वायर काढली, त्यात तिचा उजवा हात भाजला. मला फोन धनराजने केला. म्हणाला, "दादा, ताई बऱ्या आहेत. दवाखान्यात या." मी पोहोचलो तेव्हा तो तिच्या खाटेजवळ उभा होता. मी त्याची कॉलर धरली. त्याच्या कामामुळे गाडी जळाली, असे सर्वांसमोर म्हणालो. त्याने हात उचलला नाही.

तीच तक्रार देण्यास आज पोलीस ठाण्यात आलो. सोबत आलेली ललिता म्हणाली, "साहेब, तार कोणी लावली तेपण लिहा." तार मी लावली. धनराज देवरे याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

पहिला फोन मला का केला नाही, असे मी तिला आपल्यासमोर विचारले. ती म्हणाली, "तुम्ही आधी हेच विचारलं असतं, त्याला फोन केलास का."



हा मजकूर मला व पत्नीला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे, म्हणून सही करतो.