उसनी छाती

हॅलो?… दादा! अरे, किती फोन करायचे माणसानं?… ते राहू दे. आधी सांग, माझी बॉडी तू नेलीस ना?… पैलवानाची रे! स्पंजची छाती, स्पंजचे दंड, डोळे फोडून शिवलेली… घातलीयस? आत्ता? अंगात?

हो, माहितीय कुठल्या मुलीला भेटायला गेलायस ते. इतके दिवस फोनवर गुलुगुलु चाललंय, भिंतीलासुद्धा पाठ झालंय. पण कॉफी प्यायला छाती कशाला लागते?… जाड जॅकेटातला फोटो पाठवला होतास? मग जॅकेट घालून जायचं ना, गाढवा!… उकडतं. बरं.

आता ऐक. आज माझी परीक्षा आहे. वेशभूषेची, शेवटची. पुतळा इथे नुसत्या चड्डीवर उभा आहे. बाहेरून आलेले सर शेजारच्या टेबलाशी आहेत. तिथल्या मुलीनं पिसांचा झगा केलाय आणि ती त्यांना एकेक पीस समजावून सांगतेय, म्हणून अजून जिवंत आहे मी… हो, नापासच करतील! आणि नापास झाले की त्या सिरियलवाल्यांकडची नोकरी गेली. कळतंय?

काय सरकलं?… डावा दंड? कुठपर्यंत?… कोपराखाली? मग हात वर कशाला केलास?… वेटरला बोलवायला. अरे, आमचा पैलवान अख्ख्या नाटकात हात वर करत नाही! तो फक्त मान हलवतो. त्या बेतानंच शिवलीय ती!

आणि गळतंय काय?… बाजरी. गळणारच. नुसता स्पंज चालताना उड्या मारतो, छातीला वजन नको? म्हणून आत बाजरीच्या पिशव्या आहेत… हो, पक्ष्यांना घालतात तीच… का रे?

कबुतरं?… टेबलाभोवती?… तुझ्या मांडीवर? आणि ती काय म्हणाली?… "मुके जीव माणूस बरोबर ओळखतात"? अगं बाई गं… थांब, हसू दे मला. दादा, कोंबडी दिसली तरी पलंगावर चढायचास तू!

बरं, आत्ता कुठे आहेस?… बाथरूममध्ये. छान. काढ ती, पिशवीत कोंब, आणि टॅक्सीनं पाठव… निघत नाही म्हणजे?… हो, हुक पाठीवरच आहेत. मुद्दाम. पुढे लावले असते तर दिसले नसते का? विंगेत मदतनीस असतो ना ते काढायला… थांब, थांब. मग तू घातलीस कशी?

आईनं? आईनं हुक लावले?… "पोराचं भलं होतंय" म्हणाली? आणि पोरीचं? सकाळी मी कपाट उपसतेय तर मला म्हणते, नीट शोध, इथेच असेल कुठेतरी! चांगलं कुटुंब आहे. सगळे चोर.

त्या वेटरला सांग ना… सांगितलंस? मग?… किंचाळून पळाला?… कातडीला हुक लावलेत म्हणून? अय्या! म्हणजे पाठ खरी वाटली त्याला? तीळ दिसले का रे, तीळ? एकेक हातानं रंगवलाय… नाही, खूश नाही झाले. म्हणजे जरा झाले.

मग दादा, आता एकच माणूस उरला… हो, तीच… अरे, ऐक ना. कधीतरी छाती उतरवून ठेवावीच लागेल ना? की जन्मभर बाजरी बदलत जगणार आहेस?… हो, कळतंय. हसेल. हसू दे… निघून जाईल? जाऊ दे… दादा, रडतोयस की काय?

बरं, ऐक. ती बॉडी कुणाच्या मापावर शिवलीय? तुझ्याच ना? मी टाचण्या टोचत होते आणि तू हूं की चूं न करता उभा होतास. वर मलाच विचारत होतास, तुझे पाय दुखतायत का. तसला माणूस आहेस तू. मला चालतोस, तिलाही चालशील. आणि नाहीच चाललास तर कबुतरं आहेत… शाब्बास. हसलास ना? आता जा. उभा राहा आणि सरळ सांग, माझ्या पाठीवरचे हुक काढ. "जरा", "प्लीज", "गैरसमज नको" असलं काही नको. फोन चालूच ठेव.

… दादा?… हॅलो? अरे, काय फडफडतंय?… दादा, सर हलले तिथून! पिसं संपली वाटतं!… हॅलो?

अं… कोण?… नमस्कार. हो, बहीण. धाकटी… हो, मीच शिवलीय ती… तुम्ही हसताय की रडताय?… हसताय. हुश्श. हुक निघाले?… सगळे? आणि तो?… सँडविच खातोय? तुमचंपण? खाऊ द्या हो. छाती आवळून बसला होता, घास उतरला नसेल.

काय म्हणालात?… एवढ्या दांडग्या माणसाशी काय बोलावं सुचत नव्हतं? मग आता?… आता बरं वाटतंय. मलापण… तुम्ही आणून देताय? त्यालाही आणताय? चालेल, पण आधी छाती उतरवा टॅक्सीतून.

ताई, एक विचारू? तुम्हाला कळलं कधी?… हुक दिसल्यावर? त्याआधी शंकासुद्धा नाही?… दंडाला हात लावून?… रस्ता ओलांडताना धरला होता? आणि खरा वाटला?… आई शप्पथ! फोन ठेवू नका. अजिबात ठेवू नका!

सर! हो सर, पुतळा उघडाच आहे. सर, माझं काम बाहेर गेलंय… नाही सर, थापा नाहीत. तुम्हीच मघाशी म्हणालात ना, हातभर अंतरावरून ओळखू येता कामा नये? हातभर काय घेऊन बसलात सर, हात धरून रस्ता ओलांडलाय! घ्या, त्याच आहेत फोनवर, विचारा… ताई, सरांना देतेय. दंड कसा धरला होता ते नीट सांगा… अहो, लाजताय काय, माझ्या मार्कांचा प्रश्न आहे!